टीवाय बीएस्सीला आहात आणि डेंटिस्ट व्हायचंय? आधी बारावीची गुणपत्रिका काढा

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या क्लिनिकमध्ये दाढ न दुखणारे दोन-तीन जण येतात. अपॉइंटमेंट आईची किंवा काकांची असते. सोबत आलेली मुलगी चेअरच्या बाजूला उभी राहून सगळं बघत असते आणि निघताना दारात थांबते. "मॅडम, मी टीवायला आहे, झूऑलॉजी. आता बीडीएस करायचं म्हटलं तर उशीर झाला का?"

मलाच विचारतात, कारण गावात सगळ्यांना माहीत आहे की मी आधी केमिस्ट्रीत बीएस्सी केलं आणि मग डेंटलला, म्हणजे बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीला गेले. नीट ही मेडिकल-डेंटलची देशभराची प्रवेशपरीक्षा पहिल्यांदा झाली ते साल २०१३. त्याच वर्षी मी बसले होते. कॉलेजात माझ्या बॅचची मुलं मला पहिल्या आठवड्यापासून 'ताई' म्हणायची, आणि पाच वर्षांनंतरही म्हणतच होती.

दारात उभ्याउभ्या देता येईल असं याचं उत्तर नाही, म्हणून सगळं इथे लिहून काढते.

सुरुवातीलाच कटू भाग सांगून टाकते. अमेरिकेत आधी पदवी, मग डीएटी नावाची परीक्षा आणि मग चार वर्षं डेंटल स्कूल असा रस्ता आहे. त्यामुळे तिथे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हे सुचलं तर कुणी भुवया उंचावत नाही. आपल्याकडे पदवीधरांसाठी वेगळा दरवाजा नाही. नीट-यूजी हा एकच दरवाजा, आणि तिथे तुम्ही बारावीच्या मुलांच्या रांगेत उभे राहता. बीएस्सीचं एकही क्रेडिट बीडीएसमध्ये वळतं होत नाही, थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. बायोकेमिस्ट्री तीन वर्षं शिकून आलात तरी पहिल्या वर्षी तोच क्रेब्ज सायकल पुन्हा काढायचा. हे ऐकून पोटात गोळा आला नसेल तर पुढे वाचा.

बारावीची गुणपत्रिका

बीएस्सीच्या गुणपत्रिका कपाटातच राहू द्या. प्रवेशाची पात्रता ठरते बारावीवर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी या चारही विषयांत स्वतंत्रपणे पास, आणि पहिल्या तिघांची बेरीज खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के, खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५ टक्के. ३०० पैकी अनुक्रमे १५०, १२० आणि १३५. बीएस्सीला डिस्टिंक्शन, पण बारावीच्या पीसीबीला (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) १४१, अशी एक मुलगी माझ्यासमोर बसून रडली आहे. गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याची बोर्डाची श्रेणीसुधार योजना बारावीनंतरच्या लगतच्या ठरावीक परीक्षांपुरतीच असते. टीवायला येईपर्यंत ती मुदत बहुधा उलटलेली असते. म्हणून क्लासची चौकशी करण्याआधी ही बेरीज करा.

बारावीला बायोलॉजीच नव्हतं, गणित होतं, असं असेल तरी लगेच हात टेकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. मात्र त्यात एक वर्ष आणखी जातं हे हिशेबात धरा, आणि राज्य कोट्याच्या माहितीपुस्तिकेतली पात्रतेची कलमं स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या तोंडी आश्वासनावर वर्ष लावू नका.

वयाची चिंता सोडा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असावे लागतात. वरची मर्यादा २०२२ पासून नाही. किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. (हे चांगलं आहे की वाईट, यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं एकमत नाही.)

आणखी एक गोष्ट गुणपत्रिकेवरच दिसते: दहावी आणि बारावी कुठून केली. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारणपणे दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या आणि अधिवास इथला लागतो. बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला नाव घातलं असेल तर इथेच अडकायला होतं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, बेळगाव-निपाणीच्या वाचकांनी ती जरूर पाहावी. गोव्यातल्यांसाठी बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आहे आणि तिथला प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून होतो.

वर्षं बोटांवर मोजा

समजा टीवाय संपताना तुम्ही २१ वर्षांचे आहात. पुढचं वर्ष नीटच्या तयारीचं, म्हणजे प्रवेश २२ व्या वर्षी. बीडीएस चार वर्षं, त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. हातात नोंदणी पडेल तेव्हा २७. एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायचं ठरवलं तर नीट-एमडीएस आणि आणखी तीन वर्षं, म्हणजे तिशी. त्यात प्रवेशफेऱ्या लांबल्या किंवा एखाद्या विषयात गटांगळी खाल्ली तर तेही धरा.

याच काळात शेजारच्या बाकावरची मैत्रीण एमएस्सी करून २३ व्या वर्षी लोटे किंवा तारापूरच्या एमआयडीसीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागलेली असेल, २६ ला तिचं लग्न झालेलं असेल आणि तुम्ही पांढरा एप्रन घालून व्हायव्हाच्या रांगेत उभे असाल. मला पैशांपेक्षा हेच जड गेलं होतं. कागदावर वय आणि वर्ष असे दोन रकाने आखा आणि घरातल्या गोष्टीही त्यात लिहा: बाबांची निवृत्ती कधी, धाकट्या भावाचं शिक्षण कुठवर, घराचा हप्ता कधी संपतो. तक्ता भिंतीवर आठवडाभर राहू द्या. आठव्या दिवशीही इच्छा तितकीच असेल तर पुढची पायरी.

दोन आठवडे क्लिनिकमध्ये

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच.

ओळखीच्या डेंटिस्टला विचारा: "पंधरा दिवस संध्याकाळी येऊन नुसतं बसू का?" बहुतेक जण हो म्हणतात. शक्यतो दोन ठिकाणी जा. एक शहरातलं एसीवालं क्लिनिक आणि एक तालुक्याच्या गावातलं, जिथे मिशरीने काळे झालेले दात आणि गुटख्याने आखडलेले जबडे येतात. तोंडात दोन बोटंही जात नाहीत अशा तिशीतल्या माणसाची अक्कलदाढ काढताना पाहिलीत की दंतवैद्यक काय चीज आहे ते कळतं.

तिथे काय बघायचं? एअरोटरचा (दात कोरायच्या ड्रिलचा) आवाज दिवसभर कानात सहन होतो का. लाळ, रक्त, पू, तोंडाचा वास यांच्यापासून फूटभर अंतरावर चेहरा ठेवून अर्धा तास स्थिर बसता येईल का. आरसीटी (रूट कॅनाल) करताना डॉक्टर एकाच दाढेच्या मुळांत किती वेळ फाइल फिरवत राहतात. पेशंट "कॅप एवढी महाग?" म्हणतो तेव्हा डॉक्टर काय बोलतात. लहान मूल तोंडच उघडत नाही तेव्हा काय होतं. पेशंट गेल्यावर हत्यारं धुऊन ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावण्यात किती वेळ जातो. आणि डॉक्टर कंबरेला पट्टा बांधतात का, हेही बघून ठेवा.

घरी एक खेळ करून बघा. आंघोळीचा साबण आणि बोथट चाकू घ्या, आरशात स्वतःचा वरचा पुढचा दात बघा आणि तो साबणात दसपट आकाराचा कोरा. पहिला विचित्रच होईल. पण दुसरा, तिसरा, पाचवा करताना मजा येते की चिडचिड होते? बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरायचा असतो, आणि सर एक मिलिमीटर चुकलं म्हणून तो चुरून हातात देतात. नीटमध्ये ७२० पैकी कितीही पडोत, या कामात बोटांचीच परीक्षा असते आणि ती प्रवेशपरीक्षेत कुणी घेत नाही. तुमची तुम्हीच घ्या.

पंधरा दिवसांनी "बीएस्सीला स्कोप नाही म्हणून डेंटल" हे कारण मनात उरलं असेल तर थांबा. स्कोपच्या बाबतीत आम्हीही काही सोन्याच्या खाणीत बसलेलो नाही. देशात ३०० हून अधिक डेंटल कॉलेजं आहेत आणि त्यातून निघालेले बहुतेक जण शहरातल्या त्याच चार रस्त्यांवर पाटी लावतात.

टीवाय अर्धवट सोडू नका

नोव्हेंबरात ठरलं की डिसेंबरात कॉलेज सोडून क्लासला जायचं, असा उत्साह मी पाहिला आहे. कृपा करून करू नका. उरलेत चार-पाच महिने. पदवी हाती असली की नीटचं वर्ष फसलं तरी एमएस्सी, बीएड, स्पर्धापरीक्षा असं सगळं उघडं राहतं, आणि घरच्यांशी बोलताना तुमच्या आवाजातही फरक पडतो.

गेली काही वर्षं नीट मेच्या पहिल्या रविवारी होते आणि अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरले जातात. सहाव्या सेमिस्टरची परीक्षाही त्याच सुमारास. माझा सल्ला असा: टीवायच्याच वर्षी फॉर्म भरा, पेपर द्या, पण अपेक्षा ठेवू नका. तीन तास त्या खोलीत बसण्याचा अनुभव नुसत्या फॉर्मच्या फीमध्ये मिळतो आणि फिजिक्समध्ये आपण किती खोल पाण्यात आहोत हे आकड्यात कळतं. खरा प्रयत्न पुढच्या मेचा.

कागदपत्रं: उशिरा ठरवणारे इथे हमखास अडकतात

बारावीनंतर लगेच जाणारी मुलं ही तयारी अकरावीतच सुरू करतात, कारण कॉलेजच सांगतं. बीएस्सीला यातलं बरंच काही लागलेलंच नसतं, म्हणून कुणी काढलेलंही नसतं.

पहिलं जातवैधता प्रमाणपत्र. राखीव गटातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता लागते, आणि तिला महिने लागू शकतात. त्या अर्जावर तुम्ही शिकत असलेल्या कॉलेजचा सही-शिक्का लागतो. टीवायला असतानाच अर्ज टाकलात तर काम सोपं, कॉलेज सुटल्यावर त्याच शिक्क्यासाठी खेपा. माझ्या बॅचला निकालात माझ्या पुढे असलेला एक मुलगा या एका कागदापायी खुल्या गटात ढकलला गेला आणि जागा हुकली.

दुसरं नॉन-क्रीमी लेयर. त्यावर मुदत लिहिलेली असते आणि ती प्रवेशाच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतची हवी. जुनं दाखवून चालत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनीही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) त्या-त्या वर्षाचंच प्रमाणपत्र काढायचं.

तिसरं अधिवास आणि राष्ट्रीयत्व. सेतू केंद्रातून मिळतं, पण जूनमध्ये सगळा जिल्हा तिथे उभा असतो. मार्चमध्ये जा.

बाकी कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचं मायग्रेशन, आणि बीएस्सीनंतरच्या एका वर्षासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. बीडीएस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. तुमचं बीएस्सी मुंबईचं, पुण्याचं किंवा शिवाजी विद्यापीठाचं असेल तर मायग्रेशन विसरू नका. अर्जातलं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही आत्ताच पाहा. 'भ्रमणध्वनी क्रमांक: बाबांचा' असा प्रकार करू नका, ओटीपी येतो तेव्हा बाबा शेतात असतात.

अकरा महिन्यांचा अभ्यास

पेपर आधी समजून घ्या. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, १८० मिनिटं. बायोलॉजी ९०, फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, एकूण ७२०. पेपर मराठीतूनही घेता येतो, पण बीडीएस इंग्रजीतच आहे. बीएस्सी इंग्रजीतून केलं असेल तर तोच घ्या.

अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेसाठी कापला गेला. जुन्या पुस्तकांतले सॉलिड स्टेट, पॉलिमर्स, पचनसंस्था असे धडे आता नाहीत. भावाची जुनी नोट्सची गाठोडी उघडण्याआधी सध्याच्या अभ्यासक्रमाची यादी प्रिंट काढून भिंतीला लावा.

आता बीएस्सीवाल्यांचा खास रोग सांगते: आपल्याला जास्त येतं. बारावीला आपण बालभारतीचं पुस्तक वाचलेलं असतं, कॉलेजात जाडजूड संदर्भग्रंथ, आणि नीट परीक्षा चालते एनसीईआरटीवर, म्हणजे केंद्राच्या शालेय पुस्तकांवर. एका ग्लुकोजपासून किती एटीपी? बीएस्सीच्या नव्या पुस्तकात ३० ते ३२, एनसीईआरटीत ३८. सजीवांचं वर्गीकरण? कॉलेजात तीन डोमेन शिकलात, इथे व्हिटेकरच्या पाच सृष्टी. उत्तरपत्रिकेला तुमचं शहाणपण कळत नाही. बायोलॉजीची अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं ओळीन् ओळ वाचा, आकृतीखालच्या ओळीसकट. झूऑलॉजी-बॉटनीवाल्यांना हे दोन महिन्यांत जमतं, पण ते पुढे दर महिन्याला परत फिरवत राहावं लागतं. ३६० गुण इथेच आहेत.

केमिस्ट्रीवाल्यांची गाडी ऑरगॅनिकमध्ये जोरात पळते, फिजिकलच्या गणितात अडखळते, आणि इनऑरगॅनिकला आपण गृहीत धरतो. मी धरलं होतं. डी-ब्लॉकचे चार प्रश्न त्या वर्षी सपशेल गेले.

फिजिक्स हा डोंगर. तीन वर्षं हात लावलेला नसतो, आणि बी-ग्रुपवाल्यांचं (बारावीला गणिताऐवजी बायोलॉजी घेतलेल्यांचं) गणितही गंजलेलं असतं. पहिले तीन आठवडे फिजिक्सही उघडू नका: लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, सदिश, साधं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन एवढंच करा. त्यानंतर रोज दोन तास, सकाळी, इतर काहीही करण्याआधी. करंट इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर हे धडे आधी घ्या, कष्टाच्या मानाने गुण बरे देतात. रोटेशनल मोशनशी सुरुवातीलाच कुस्ती खेळायला गेलात तर ऑगस्टमध्येच हार मानाल.

पेपरचा वेळ मी असा वाटून घ्यायला सांगते: बायोलॉजी ४५ मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ७५. उरलेली दहा मिनिटं उत्तरपत्रिकेवर रंगवलेले गोळे तपासायला. हे जमायला जानेवारीपासून दर रविवारी दुपारी २ ते ५ घरीच पूर्ण पेपर. दुपारीच, कारण परीक्षा दुपारी असते आणि जेवणानंतर डोळे मिटतात.

क्लास लावावा का? फिजिक्सपुरता, हो. लातूरला जाऊन वर्षभर राहायची गरज सगळ्यांना नसते. १७ वर्षांच्या मुलांच्या बॅचमध्ये २१ व्या वर्षी रोज बसणं काहींना मानवतं, काहींना आतून कुरतडतं. ज्यांना घरी टेबलाशी बसायची सवय आहे त्यांनी ऑनलाइन आणि टेस्ट सिरीज एवढ्यावर भागवावं.

निकालानंतर: गुणांकडे कमी, रँककडे जास्त बघा

२०२५ ला खुल्या गटात १४४ गुणांना मुलं 'पात्र' ठरली. पात्र म्हणजे ५० वा पर्सेंटाइल, राखीव गटांना ४० वा. १४४ वर सरकारी डेंटलचं स्वप्न पाहू नका. तो नुसता रांगेत उभं राहण्याचा परवाना आहे.

मागच्या वर्षीचा कट-ऑफ गुणांत बघून अंदाज बांधू नका. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. म्हणजे एकाच गुणाची किंमत दोन वर्षांत पार बदलली. राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या निवडयाद्या असतात, त्यात शेवटचा प्रवेश कोणत्या रँकला झाला ते कॉलेजनिहाय, तुमच्या गटात बघा.

जागा तीन वाटांनी भरतात. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा एमसीसी ही केंद्राची समुपदेशन समिती देशपातळीवर भरते, ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांतून. राज्यात मुंबईला सीएसएमटीजवळचं, नागपूरचं आणि छत्रपती संभाजीनगरचं ही जुनी शासकीय दंत महाविद्यालयं, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. खासगी कॉलेजंही याच कॅपमध्ये, थोड्या जागा संस्थेच्या, म्हणजे व्यवस्थापन कोट्यात. तिसरी वाट अभिमत विद्यापीठांची: कराड, लोणी, सावंगी, पिंपरी, नवी मुंबई, पुणे. तिथल्या सगळ्या जागा एमसीसीकडून, आणि नोंदणीलाच २ लाख रुपये परतीची अनामत भरावी लागते.

महाराष्ट्राच्या कॅपमध्ये एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात असतात, पसंतिक्रम एकाच यादीत. तुम्हाला खरंच डेंटल हवं असेल तर 'टाकून बघू' म्हणून एमबीबीएसचे पर्याय वर टाकू नका. वरचा पर्याय लागला की खालचा गेला. उलट, वरच्या रँकची मुलं एमबीबीएस मिळताच बीडीएसच्या जागा सोडत जातात, त्यामुळे पुढच्या फेऱ्यांत डेंटलच्या जागा सरकतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून मिठाईची ऑर्डर रद्द करू नका. मात्र मिळालेली जागा कायम ठेवण्याचा स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म एकदा भरलात की पुढच्या फेरीतून तुम्ही बाहेर. तो सही करताना शेजारी कुणीतरी नियम वाचलेला माणूस असू द्या.

पैसे

शासकीय कॉलेजची फी मध्यमवर्गीय घराला झेपते. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय जाहीर करतं. ती वर्षाला काही लाखांत असते. अभिमतची त्याहून वर. वसतिगृह आणि मेस वेगळी.

मुलींसाठी एक मोठी गोष्ट: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) किंवा ओबीसी गटातली मुलगी असेल, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अभिमत विद्यापीठ आणि व्यवस्थापन कोटा यात बसत नाहीत. "मॅनेजमेंटमधून लगेच करून टाकू" म्हणणाऱ्या मामांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. मुलांनी महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहावी. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं.

फीपलीकडचा खर्च कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी कार्व्हिंगचं सामान, दुसऱ्या वर्षी एअरोटरचं हँडपीस, ट्रे, आर्टिक्युलेटर (जबड्याची हालचाल दाखवणारा सांगाडा), मेण, प्लास्टर. यादी हातात आली की दुकानात पळू नका. फायनल इयरचे सीनियर त्यांचं सामान विकायला बसलेलेच असतात.

आणि शेवटी कमाई. बीडीएस झाल्या झाल्या दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून लागलात तर पहिला पगार ऐकून तुमची एमआयडीसीतली मैत्रीण हसेल. स्वतःचं क्लिनिक म्हणजे चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, त्या एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, डेंटल कौन्सिलची नोंदणी. त्यातून २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात परवान्यासाठी एक्झिट परीक्षेची तरतूद आहे, तीही डोक्यात असू द्या. माझा जम बसायला चार वर्षं लागली.

घरी कसं सांगायचं

"मला डेंटिस्ट व्हायचंय" एवढंच घेऊन बाबांसमोर जाऊ नका. तो वयाचा तक्ता, पीसीबीची बेरीज, दोन क्लिनिकमधल्या पंधरा दिवसांची वही आणि 'मेमध्ये अमुक रँकच्या आत नाही आलं तर एमएस्सी' अशी लिहिलेली अट घेऊन जा. किती प्रयत्न करणार तो आकडा आधी ठरवा. माझा आकडा एक होता, आईने तो दोन करून दिला. वापरावा लागला नाही.

रँक आलीच नाही तर बीएस्सीवर उघडणाऱ्या वाटा आहेत: मेडिकल बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, सार्वजनिक आरोग्य, क्लिनिकल रिसर्च. हाताच्या कामाचंच वेड असेल तर डेंटल मेकॅनिकचा डिप्लोमा बघा. कवळ्या आणि कॅप शेवटी लॅबमध्येच घडतात, आणि चांगल्या टेक्निशियनसाठी आम्ही एकमेकांच्या पाया पडतो.

आत गेल्यावर

पहिलं वर्ष तुम्हाला बरं जाईल. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीत बीएस्सीची बैठक उपयोगी पडते, प्रॅक्टिकलला हात थरथरत नाही, जर्नल वेळेवर लिहायची सवय असते. कार्व्हिंगमध्ये मात्र १८ वर्षांची पोरं तुमच्या पुढे जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्या वर्षापासून पेशंट आणि त्यांचा कोटा: इतक्या दाढा काढायच्या, इतकं फिलिंग, इतक्या कवळ्या. फायनलला आठ विषय असतात आणि पूर्ण कवळीचा पेशंट मिळणं हे त्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण. मी गावाहून आजोबांना एसटीने आणलं होतं. सात खेपा झाल्या. कवळी लागली, पण ते आजही भाकरी ती काढूनच खातात.

दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिससाठी खरे, काढलेले दात लागतात, आणि ते गोळा करायला मुलं गावोगावच्या डेंटिस्टकडे बाटल्या घेऊन फिरतात. माझ्याकडे ऑटोक्लेव्हच्या शेजारी अशी एक बरणी असते. परवा दारात तीच झूऑलॉजीवाली उभी होती, अंगावर कॉलेजचा एप्रन. म्हणाली, "मॅडम, वरच्या पहिल्या दाढा आहेत का? किडलेल्या चालतील, पण मुळं तिन्ही शाबूत हवीत."